ओंजळभर डब्यातला खर्ज

पहाटे साडेपाचला बाबा उठतात आणि चहाचं आधण ठेवण्याआधी खिडकीतल्या स्पीकरचं बटण दाबतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तंबोरा काळी एकमध्ये लावलेलाच असतो. बाबा आता गात नाहीत, पण षड्जात थोडा वेळ बसल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. स्पीकर पाणी प्यायच्या फुलपात्रापेक्षा जरासाच मोठा, निळ्या कापडात गुंडाळलेला. त्यातून पंचम येतो, जोडीच्या तारा येतात आणि शेवटी खर्ज येतो. स्वयंपाकघर त्याने भरून जातं.

मला बरेच दिवस एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. काळी एकचा पुरुषी षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण १३८ आंदोलनं. खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, सुमारे ६९. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला, तर ६९ आंदोलनांच्या एका लाटेची लांबी पाच मीटर होते, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराहून मोठी. आणि ती लाट निर्माण करणारा पडदा जेमतेम ४५ मिलिमीटर रुंदीचा. एवढ्या लहान स्पीकरचा आवाज शंभर आंदोलनांच्या खाली झपाट्याने पडत जातो. मग बाबांना ऐकू येणारा खर्ज येतो कुठून?

तो पुष्कळसा बाबांच्या कानात तयार होतो. खर्जाच्या तारेतून नुसती ६९ आंदोलनं निघत नाहीत. त्यांच्या पटीतले १३८, २०७, २७६, ३४५ असे उपस्वर सोबत निघतात. त्यातल्या पाचपटीच्या ३४५लाच गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात. स्पीकर हे वरचे उपस्वर नीट देतो आणि प्रत्येक दोहोंमधलं अंतर ६९च आहे हे ओळखून मेंदू तळाचा स्वर भरून काढतो. जुन्या टेलिफोनवर हेच घडत होतं. त्या तारेतून ३०० ते ३४०० आंदोलनांच्या दरम्यानचाच आवाज जायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर त्याच्या बराच खाली असतो, म्हणजे तो तारेत शिरतच नव्हता. तरीही वडिलांचा फोन आला की "हॅलो"वरूनच ओळखू यायचा.

तंबोऱ्याला ह्याचा इतर वाद्यांपेक्षा जास्त फायदा होतो, ह्याचं कारण जवारी. घोडीचा किंचित उतरता माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा ह्यांच्यामुळे तार घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते आणि उपस्वरांचा दाट पुंजका उठतो. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी ह्याच गोष्टीवर निबंध लिहिला. जे उपस्वर तार छेडण्याच्या जागेमुळे गप्प राहायला हवेत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना कारागीर घोडी घासतो, दोरा सरकवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. त्या घासण्याचा उपयोग शंभर वर्षांनंतर प्लॅस्टिकच्या डब्यातला आवाज भरदार वाटण्यासाठी होईल, असं कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

डग्ग्याचं नशीब एवढं चांगलं नाही. त्याच्या घुमेत वरचे उपस्वर तंबोऱ्याइतके दाट नसतात, त्यामुळे मेंदूला भरून काढायला फारसा आधार मिळत नाही. लहान स्पीकरवर तबला ऐकताना चाट आणि किनार खणखणीत येते, मींड मात्र कुठेतरी मागे राहते. स्पीकर घ्यायचा असेल तर दुकानात मोबाइलवर विलंबित एकताल लावा आणि डग्गा ऐका. बाकीची वैशिष्ट्यं त्यानंतर पाहिली तरी चालतील.

आता ह्या डब्याच्या आत काय चालतं ते बघू.

पडदा पुढे-मागे हलवून हवा ढकलणं, एवढंच स्पीकरचं काम. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कोन, वेटोळ्यातून वीज गेली की कोन हलतो. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली ही रचना शंभर वर्षांनी तशीच वापरात आहे. अडचण मंद्र सप्तकात येते. तेवढ्याच जोराने एक सप्तक खालचा स्वर हवा असेल, तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. मोठ्या पडद्याला ते जड जात नाही. ४५ मिलिमीटरच्या पडद्याला मात्र खूप लांब पुढे-मागे जावं लागतं, आणि त्याला जाता येतं काही मिलिमीटर. शिवाय पाठीमागे बंद डब्यातली हवा उशीसारखी दाबून धरते. डबा जितका लहान, तितकी ती उशी टणक.

अमेरिकेतल्या केएलएच कंपनीचे एक संस्थापक, पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे चिरंजीव अँटन हॉफमन, यांच्या नावाने ध्वनितंत्रात एक 'लोखंडी नियम' ओळखला जातो. लहान डबा, खोल मंद्र आणि कमी विजेत मोठा आवाज ह्या तिन्हींपैकी दोनच मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. पूर्वीच्या घरगुती स्पीकरांनी डब्याचा आकार सोडला, म्हणून ते कपाटाएवढे असायचे. ट्रान्झिस्टर रेडिओने मंद्र सोडला. त्याच्याकडे चार साध्या सेलांवर महिना-महिना चालण्याची काटकसर होती, म्हणून १९५७ साली सुरू झालेली विविध भारती शेताच्या बांधापर्यंत पोचू शकली. आजच्या वायरलेस स्पीकरने आकारही राखला, मंद्रही राखला आणि काटकसर सोडली. आत जाणाऱ्या विजेच्या शंभर भागांपैकी एक भागही आवाजात उतरत नाही, बाकी सगळी वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. ह्या स्पीकरचं रूप, वैशिष्ट्यं आणि रोग हे सगळं ह्या एका निवडीतून आलं आहे. खर्च बॅटरी सोसते, आणि सगळ्यात आधी संपतेही तीच.

एवढी उधळपट्टी परवडू लागली ती तीन शोध एकत्र आल्यावर. १९८०च्या दशकात निओडिमियमचं चुंबक आलं आणि आवळ्याएवढ्या चुंबकात पूर्वीच्या पेरूएवढ्या चुंबकाची ताकद मावली. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिसरा शोध 'क्लास डी' अ‍ॅम्प्लिफायरचा. जुना अ‍ॅम्प्लिफायर बरीचशी वीज स्वतःच तापण्यात घालवायचा, त्याच्या मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा उष्णता-फेकणारा सांगाडा लागायचा. हा नवा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज पुढे पोचवतो. नखाएवढी चिप पुरते, सांगाडा लागत नाही.

हे तिन्ही एका डब्यात बसवून घराघरांत नेणारं पहिलं नाव म्हणजे जॉबोन कंपनीचा जॅमबॉक्स. साल २०१०, आकृती इव्ह बेहार यांची, किंमत १९९ डॉलर. विटेच्या अर्ध्या तुकड्यासारखा तो ठोकळा, जाळीवर उठावदार नक्षी. मोबाइलचा आवाज टेबलावर ठेवता येतो आणि खिशात घालून नेताही येतो, हे त्याने लोकांना पटवून दिलं. कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिने आखलेल्या वाटेने बोस, जेबीएल, अल्टिमेट इअर्स आले आणि पुढे आपल्याकडे बोटसारखी देशी नावंही आली. २०१७ सालीच सारेगामाने कारवाँ काढला. आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, रूप जुन्या रेडिओचं, कान पिळून गाणी बदलायची. ज्या पिढीला अ‍ॅप, जोडणी, पासवर्ड नको होता, तिला काय हवं होतं हे ज्याने ओळखलं त्याला मी मोठा रचनाकार मानते. आमच्या आत्याकडे तो रोज संध्याकाळी लागतो.

जॅमबॉक्सनंतर ह्या वस्तूंचा आकार हळूहळू नळकांड्यासारखा झाला, त्याला कारण आहे. सपाट भिंती आतल्या दाबाने थरथरतात आणि स्वतःचा आवाज मिसळतात, गोल भिंत ताठ राहते. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी कडेच्या ज्या चकत्या दिसतात, त्यांना 'पॅसिव्ह रेडिएटर' म्हणतात. लहान मुलं हमखास त्यांच्यावर बोट दाबतात. त्यांच्यामागे चुंबक नाही, वेटोळं नाही, वीज नाही. मुख्य पडदा आतली हवा दाबतो, त्या दाबाने ह्या जड चकत्या ठरावीक मंद्र स्वराला डोलू लागतात आणि पडद्याला न जमणारी हवा त्या ढकलतात. कल्पना १९३०च्या दशकातली, हॅरी ओल्सन यांची. चकत्या दोन आणि एकमेकींच्या विरुद्ध दिशेला का बसवतात, ह्याचंही उत्तर सुंदर आहे. दोन्ही एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात, त्यामुळे धक्के एकमेकांना मारतात. नाहीतर स्पीकर वाजता वाजता टेबलावरून सरकत खाली पडला असता.

ह्यापुढचं बरंच काम आता सॉफ्टवेअर करतं. आतली चिप प्रत्येक क्षणी पाहते की पडदा किती हलतोय, वेटोळं किती तापलंय, बॅटरीत किती जोर आहे, आणि त्याप्रमाणे स्वर कमी-जास्त करते. हळू आवाजात आपल्या कानाला मंद्र कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजलं होतं, म्हणून हळू वाजताना चिप मंद्र वाढवून देते. व्हॉल्यूम चढवत नेला की पडदा फाटू नये म्हणून तीच मंद्र कापत जाते. दुकानात मधल्या आवाजावर भरदार वाटलेला स्पीकर गच्चीवर पूर्ण मोठा केला की पत्र्यासारखा का वाजतो, ह्याचं कारण हेच. काही कंपन्या मूळ मंद्र स्वर काढून टाकून त्याचे कृत्रिम उपस्वर मिसळतात आणि उरलेलं काम ऐकणाऱ्या मेंदूवर सोपवतात. तंबोऱ्याची युक्तीच म्हणायची, फक्त जवारी गणिताची.

माझी तक्रार ह्या जुळणीच्या दिशेबद्दल आहे. बाजारातल्या बहुतेक स्पीकरांचा स्वर ढोल आणि ठोक्याच्या संगीतासाठी बेतलेला असतो. मंद्र फुगवलेला, वरची टोकं चकाकती, मधला भाग दबलेला. आपलं गाणं तर मधल्या भागातच राहतं. ख्याल, भावगीत, कीर्तन, नाटकाची ध्वनिफीत, कथाकथन, सगळ्यात माणसाचा आवाज पुढे असायला हवा. 'एक्स्ट्रा बेस'चं बटण चालू असताना गायकाच्या तोंडावर पांघरूण घातल्यासारखं होतं. ते बटण बंद करा. अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असेल तर मंद्राची पट्टी थोडी उतरवा. आमच्याकडे एवढं केल्यावर किशोरीताईंच्या गाण्यातले शब्द आईला पहिल्यांदा कळले, ह्याच स्पीकरवर.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही बोलायला हवं. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर 'पीएमपीओ' असा शिक्का असायचा, हजार वॅट, दोन हजार वॅट. त्या आकड्याला अर्थ नव्हता. आता आरएमएस वॅट छापतात, ते बरं आहे, पण तेही समजून घ्यावं लागतं. दहाच्या जागी वीस वॅट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. फरक पडतो तीन डेसिबलचा, नीट लक्ष दिलं तर कळेल एवढाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वीज लागते. दुसरा आकडा बारा तास वाजण्याचा. हिशेब मांडून बघा. आत एक सेल असेल, २६०० मिलिअँपिअर-तासांचा, ३.६ व्होल्टचा, तर त्यात नऊ-साडेनऊ वॅट-तास वीज मावते. दहा वॅटचा स्पीकर पूर्ण जोरात वाजवला तर तासाभरात ती संपेल. बारा तास चालवायचा असेल तर सरासरी एक वॅटपेक्षाही कमी वीज खर्च व्हायला हवी. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

स्पीकर कुठे ठेवता, ह्यानेही वॅटपेक्षा जास्त फरक पडतो. भिंतीला खेटून किंवा कपाटाच्या कोपऱ्यात ठेवला की मंद्राला आपोआप बळ मिळतं. मैदानात भिंत नसते आणि अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात, म्हणून घरात दणदणीत वाटणारा स्पीकर अंगणात बारीक वाटतो. स्टिरिओबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वीतभर अंतरावरच्या दोन पडद्यांतून डावं-उजवं वेगळं कळत नाही. ते हवं असेल तर त्याच जातीचे दोन स्पीकर घेऊन चार-पाच हात लांब ठेवावेत.

आता तार नसण्याची गोष्ट. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत १९९४ साली ह्या कामाची सुरुवात झाली. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा एकत्र आल्या. दहाव्या शतकातल्या हाराल्ड ब्लूटूथ ह्या डेन्मार्कच्या राजाने विखुरलेल्या टोळ्या एक केल्या होत्या, म्हणून त्याचं नाव ह्या तंत्राला दिलं. चिन्हात त्याच्या आद्याक्षरांचं जुन्या रूनी लिपीतलं जोडाक्षर आहे. रेडिओचा जो पट्टा ब्लूटूथ वापरतो, २.४ गिगाहर्ट्झचा, तो कुणाच्याही मालकीचा नाही. भारतात तो २००५ साली परवानामुक्त झाला. त्याच पट्ट्यात वायफाय आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही आहे. ह्या गर्दीत टिकायला ब्लूटूथ आपली जागा सेकंदाला १६०० वेळा बदलतं, ७९ वाटांवरून उड्या मारत. पावसाळ्यात एसटी स्टँडवर गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखं, जिथे फट दिसेल तिथे. पाणी ह्या लहरी शोषतं आणि माणसाचं शरीर बहुतांश पाणीच, म्हणून मोबाइल मागच्या खिशात ठेवून पाठ फिरवली की गाणं अडखळतं.

संगीतासाठीची सोय २००३ मध्ये आली. गाणं पाठवण्याआधी मोबाइल ते आवळून लहान करतो. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात. एसबीसी ही पद्धत प्रत्येक उपकरणात असतेच, ती साधारण ३२८ वर आणते. सोनीची एलडीएसी ९९० पर्यंत जाते. मोठ्या हेडफोनवर हा फरक ऐकू येईल. ४५ मिलिमीटरच्या पडद्यासाठी त्यापायी दोन हजार रुपये जास्त मोजू नयेत, असं माझं मत आहे. उशिराची अडचण मात्र खरी आहे. आवळणं, पाठवणं, उलगडणं ह्यात पाव सेकंदापर्यंत वेळ जातो. तंबोरा ऐकायला काही बिघडत नाही. पण मोबाइलवरच्या पेटीवर बोट ठेवून स्वर स्पीकरमधून यायची वाट पाहिली, तर रियाज होणार नाही. तिथे तारच हवी, आणि म्हणून तार खुपसायचं भोक स्पीकरमधून काढून टाकणं मला पटत नाही.

२०२२ साली ब्लूटूथमध्ये 'ऑराकास्ट' ह्या नावाने जे आलं, त्याच्याकडून मला मोठी आशा आहे. एका मोबाइलवरून एकाच स्पीकरशी जोडणी, ही मर्यादा त्यात नाही. एक जण प्रसारण करतो आणि आसपासचे कितीही स्पीकर, इअरफोन, श्रवणयंत्रं ते पकडू शकतात. बाबांच्या वयाची माणसं नाटकाला जाणं सोडतात, कारण मागच्या रांगेत शब्द कळत नाहीत. रंगमंचावरचा आवाज थेट श्रवणयंत्रात आला, तर ती पुन्हा जातील.

कंपन्या सर्वात जास्त मिरवतात ते पाण्यात टिकणं. आयपी६७ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, सहा म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा, सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स७ मध्ये एक्सचा अर्थ धुळीची चाचणी झालेली नाही इतकाच. ही चाचणी नव्या कोऱ्या स्पीकरवर आणि गोड्या पाण्यात होते. गोव्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावरून आलात तर स्पीकर आधी साध्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगचं भोक पूर्ण वाळल्याशिवाय पिन लावू नका. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की ती पिन दोन दिवसांत हिरवी पडते.

बाहेर वाजवण्याच्या सोयीमुळे एक गोष्ट मात्र बिघडली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ते नियम करताना डोळ्यांसमोर कर्णे आणि मंडप होते, पाठपिशवीला लटकणारा स्पीकर नव्हता. आता राजगडाच्या पाऊलवाटेवर चार गट चार गाणी वाजवत चढतात. पहाटेच्या गडावर शीळ घालणारा कस्तुर ऐकायला गेलेल्या माणसाला ते ऐकावं लागतं, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. हीच वस्तू योग्य ठिकाणी पोचली की काय करते, तेही आपल्याच राज्यात दिसलं आहे. २०२०च्या टाळेबंदीत पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' चालवली. मोबाइलचं नेटवर्क नाही, शाळा बंद, अशा ठिकाणी कार्यकर्ते ध्वनिवर्धक घेऊन जायचे आणि झाडाखाली बसलेल्या मुलांना ध्वनिमुद्रित धडे ऐकवायचे. तिथे कुणाला मंद्र नको होता. व्यंजनं स्पष्ट हवी होती, आणि ती दोन ते चार हजार आंदोलनांच्या पट्ट्यात असतात, जिथे लहान पडद्याची ताकद उत्तम असते.

बाबांचा स्पीकर गेल्या पावसाळ्यात बंद पडला. घेऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. आधी दहा तासांचे चार झाले, मग अर्ध्या तासात मान टाकू लागला, मग तार लावल्याशिवाय बोलेना. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगितलं, ह्याची बॅटरी वेगळी येत नाही, नवीन घ्या, थोडी सूट देऊ. बाबा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी तो पुसून पुन्हा खिडकीत ठेवला.

चूक आमचीही होती. तो अडीच वर्षं चोवीस तास चार्जरला लावलेला होता, वर खिडकीतलं दुपारचं ऊन. लिथियमच्या सेलला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता ह्या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. नीट वापरला तरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामा झाला की त्याची क्षमता साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. कुठलाच सेल कायम टिकणार नाही, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. पडदा वीस वर्षं टिकू शकतो, चुंबक त्याहून जास्त. मग सगळ्यात अल्पायुषी भाग डिंकाने चिकटवून आत बंद करणं ही रचनेतली चूक आहे, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून तसं करावं लागतं ही सबब पुरेशी नाही. सोनोसच्या मूव्हची, बँग अँड ओलुफसनच्या बिओसाउंड लेव्हलची बॅटरी बदलता येते, म्हणजे जमतं. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी कायद्याप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. पाण्यात वापरायच्या काही वस्तूंना सूट आहे, पण तिथेही स्वतंत्र कारागिराला ती बदलता यायला हवी. आपल्याकडे २०२२चे बॅटरी-कचऱ्याचे नियम आहेत. त्यांचा भर वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यातला माल परत मिळवण्यावर आहे. बदलता येण्याची सक्ती आपल्याकडेही व्हायला हवी. इथे उष्मा जास्त आहे आणि दुरुस्त करणारे हातही जास्त आहेत.

मी स्पीकर घेऊन पुण्यात तपकीर गल्लीत गेले. दुसऱ्या मजल्यावर खोलीएवढं दुकान, टेबलावर हीट गन, मीटर, सोल्डर. काकांनी तळाच्या रबराला गरम हवा दिली आणि गिटारच्या प्लॅस्टिक नखीने ते अलगद उचललं. खाली सहा स्क्रू होते. झाकण निघालं तशी आत एक राखाडी रबरी वेढणी दिसली, ती त्यांनी न ताणता बाजूला काढून ठेवली. मधोमध अंगठ्याएवढा जाड सेल, १८ मिलिमीटर रुंद, ६५ लांब. त्यांनी मीटरच्या दोन सुया टेकवल्या. आकडा दोन व्होल्टच्या जरा वर जाऊन थांबला.

"ताई, बाकी सगळं ठणठणीत आहे. सेल बसलाय फक्त."

समोरच्या खणात दोन प्रकारचे सेल होते. एकावर ९९०० लिहिलं होतं, तो त्यांनी मला हातात दिला. हलका लागला. ह्या आकाराच्या अस्सल सेलमध्ये ३५०० च्या आसपासच मावतात, हे त्यांनी सांगितलं आणि २६००चा दुसरा सेल काढला. त्याला थेट सोल्डर लावला नाही, आच आत गेली तर सेल खराब होतो. निकेलच्या पातळ पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने चिकटवल्या, मग तारा पट्ट्यांना जोडल्या. वेढणी पुसून परत बसवली, कडेने सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. "आता पावसाचे शिंतोडे चालतील, बादलीत नका टाकू," म्हणाले. सेल आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये झाले.

मोबाइल जोडून मी तंबोरा लावला, काळी एक. काका हातातलं काम थांबवून दोन आवर्तनं ऐकत राहिले. मग त्यांनी तळाचं रबर पुन्हा उचललं, काळ्या मार्करने आतल्या बाजूला त्या दिवसाची तारीख आणि सेलचा आकडा लिहिला, पुढे जो कुणी उघडेल त्याला कळावं म्हणून, आणि रबर दाबून बसवलं.